मधली डबी

बिराजदारांची तीन घरं एका लांबोळ्या प्लॉटवर एकामागं एक उभी होती. जागेचं तोंड लहान आणि अंग लांब. पुढच्या घरात थोरले आबासाहेब आणि बजाबाई, मधल्या घरात धनाजी आणि राजाबाई, सगळ्यात मागं धाकटा जोतिराम आणि शिवलीला. मंद्रूपहून सोलापुरात आल्यावर भावांनी चुली वेगळ्या केल्या, नळ वेगळे केले, लाईटची मीटरं वेगळी केली. एकत्र राहिलं ते फक्त भांडण, आणि ते करायला शेजारून जाणारा बोळ.

वायफायसुद्धा तीन होती. पुढचं 'आबासाहेब', मधलं 'धनाजी', मागचं 'जोतिराम'. दारावर नावाच्या पाट्या होत्याच, आता हवेतही लागल्या. आणि मोबाईल असले हट्टी, की पुढच्या घरात एकदा धरलेलं वायफाय मागच्या घरात पोचलं तरी सोडायचे नाहीत. शेवटची एक काडी उरली तरी तिलाच धरून बसायचे. नव्या नवरीनं सासरच्या उंबऱ्यात उभं राहून माहेरच्या जीपकडं बघत राहावं, तसं. घरचं वायफाय शेजारीच उभं असायचं बिचारं, पण ह्यांची नजर मागं.

राजाबाईची मात्र ह्या तीन पाट्यांबद्दल काही तक्रार नव्हती. तिला त्यातून पायल मिळाली होती.

पायल म्हणजे जोतिराम-शिवलीलाची मुलगी. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका कंपनीचं काम ती घरातूनच करायची. शेतकऱ्यांचे फोन लॅपटॉपवर घ्यायचे, नळी चोंदली, फिल्टर तुंबला, शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, असल्या तक्रारी ऐकायच्या आणि उपाय सांगायचे. मागच्या घरातलं वायफाय अशक्त, आणि मोबाईलची रेंज गच्चीवर चढल्याशिवाय मिळत नसे. म्हणून पायल रोज दुपारच्या चहानंतर लॅपटॉप पोटाशी धरून मधल्या घरात यायची आणि राजाबाईच्या दिवाणावर मांडी ठोकायची. दिवेलागणीपर्यंत तिथंच.

राजाबाईची स्वतःची लेक प्रियदर्शनी लग्न होऊन हुबळीला गेलेली. राजाबाईचा नवरा धनाजी दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडातून बोलणं नळाच्या पाण्यासारखं, काही दिवसांच्या अंतरानंच सुटायचं. राजाबाईकडं तर सांगायला इतकं साठलेलं असायचं, की पायल उंबऱ्यात दिसली रे दिसली की ती सुरू व्हायची. फोन आला की पायल बोटानं 'शू' करायची. फोन संपला की राजाबाई जिथं थांबली होती तिथूनच पुढं.

कधीकधी तर फोन संपायचीही वाट बघायची नाही. राजाबाईचं माहेर दुधनीचं, कानडी तिच्या जिभेवर. पायलचं कानडी म्हणजे पाव्हण्यांपुढं वापरायचं, बेताचं. पलीकडून इंडीचा एखादा शेतकरी कानडीत तापला, की पायल शब्द शोधायची आणि स्वयंपाकघरातून राजाबाई भाकरी थापता थापता खणखणीत कानडीत उत्तर द्यायची. एकदा तर तो शेतकरी म्हणाला, "ताई, तुम्ही राहू द्या. त्या मागच्या अव्वांनाच फोन द्या."

"बघ," राजाबाई म्हणाली. "अर्धा पगार माझा हाय."

"अर्ध्या शेंगाच्या पोळ्या मी खाते की काकू. फिटलं."

असं सगळं नीट चाललेलं असताना युवराजनं घोळ घातला.

युवराज हा बजाबाईचा थोरला, विमा विकणारा. त्यामुळं कुणाला कशाची कमी आहे हे त्याला त्या माणसाच्या आधी कळायचं. एके दिवशी तो पांढऱ्या शुभ्र तीन डब्या घेऊन आला. पेढ्याच्या खोक्याएवढ्या, गोलसर, दिसायला गरीब. बोळात सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "आता तीन वायफाय बंद. एकच लाईन, एकच नाव, एकच पासवर्ड. पुढच्या फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत चालत जावा, तुटणार न्हाय."

"एक लाईन तीन घरांना पुरती व्हय?" शिवलीलानं संशय घेतला. नळाच्या अनुभवावरून तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

"पुरती की ओ काकू. असं समजा, रस्त्यावर टँकर आलाय. आई घागर भरून राजाकाकूच्या हातात देणार, राजाकाकू तुमच्या हातात देणार. तुमाला रस्त्यापतोर पळायला नको."

"मी कशाला भरू?" बजाबाई म्हणाली. "माझं गुडघं बघ जरा."

"आई, उदाहरण हाय गं!"

खरा वाद पेटला तो नावावरून. आबासाहेबांचं म्हणणं, लाईन माझ्या घरात येणार, तर नाव माझं. जोतिरामचं म्हणणं, म्हणजे माझ्या घरात बसून मी तुमच्या नावानं नेट लावायचं? शब्दाला शब्द लागला, तेव्हा भिंतीला टेकून उभा असलेला धनाजी म्हणाला, "आडनाव लावा की."

सगळे गप्प झाले. सल्ला चांगला होता म्हणून की धनाजी बोलला म्हणून, ते सांगणं अवघड आहे. पण नाव ठरलं 'बिराजदार'. जुनी कनेक्शनं बंद झाली. एक डबी पुढं, एक राजाबाईच्या शोकेसवर प्रियदर्शनीच्या लग्नाच्या फोटोशेजारी, एक मागं. डब्यांवर बारीक पांढरा दिवा लागला. युवराजनं बोळात उभं राहून मोबाईलवर कसलंसं भजन लावलं आणि ते वाजवत पुढून मागं, मागून पुढं चालून दाखवलं. कुठंही अडकलं नाही. जोतिरामनं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. राजाबाईनं दिवाणावरची चादर झटकली. शेंगाची पोळी डब्यातून काढून ताटलीत ठेवली. वाट बघितली. मग मागच्या दारात जाऊन हाक मारली, "पायल, आगं येतीस न्हवं?"

मागच्या खिडकीतून पायलचा आनंदी आवाज आला. "काकू, आता आमच्याकडंच मस्त येतंय! आता तुमाला त्रास न्हाय!"

"बरं झालं बाई," राजाबाई म्हणाली आणि आत येऊन ती पोळी स्वतःच खाल्ली. गोड लागली नाही.

पुढचा प्रकार पहिल्यांदा घडला तो निव्वळ सवयीनं. राजाबाईला चालू राहिलेली कुठलीही गोष्ट बघवत नसे. ठिबकणारा नळ, रिकाम्या खोलीतला पंखा, कुणी बघत नसलेला टीव्ही, सगळं ती बंद करत हिंडायची. त्या दुपारी आडवं व्हायला जाताना तिची नजर डबीवर पडली. वापरणारं कुणी नाही आणि दिवा आपला जळतोय. तिनं हात लावून बघितला. डबी कोमट. "तापलीय बिचारी," असं म्हणून तिनं बटण दाबून ती बंद केली आणि उशीला डोकं टेकलं.

डोळा लागतोय तोवर बोळात चपला वाजल्या. "काकू! ओ काकू! आमच्याकडचं नेट गेलं बघा!"

राजाबाई ताडकन उठली. का कोण जाणे, दार उघडायच्या आधी तिनं बटण दाबलं. पायल दिवाणावर बसली, पाणी प्याली, लॅपटॉप उघडेपर्यंत डबीनं आळोखेपिळोखे देऊन दिवा लावला.

"तुमच्याकडं येतंय की!"

"आमच्याकडं येतंयच," राजाबाई म्हणाली. हे काही खोटं नव्हतं.

खरं तर एव्हाना मागच्या घरातही नेट आलेलं होतं. पण मांडी घालून बसलेली, हातात पोळी आलेली मुलगी बघायला कशाला जाते? दिवेलागणीपर्यंत बसली. राजाबाईनं तिला हुबळीच्या व्याह्यांच्या म्हशीची सगळी हकिकत सांगितली.

युवराजची टँकरची गोष्ट राजाबाईला आता नीट समजली. घागर तिच्या हातातून पुढं जात होती. तिनं हात आखडता घेतला, की मागचं घर कोरडं.

मग रोज चहानंतर डबी 'तापायला' लागली. बटण बंद, चपलांचा आवाज, बटण चालू. राजाबाईचा हात असा बसला, की पायल दाराशी येईतो इकडं ही परातीत पीठ घेऊन बसलेली, जसं काही सकाळपासून इथंच आहे.

आजार दिसत होता, कारण सापडत नव्हतं. युवराज येऊन मागच्या घराच्या भिंती ठोकून गेला. शिवलीलाची ज्वारीची पत्र्याची कोठी लाटा अडवतेय असं निदान करून त्यानं ती हलवायला लावली. जोतिरामची कंबर धरली. कोठी हलली, नेट गेलंच. मग कपाट हलवलं. मग देव्हारा हलवायला सांगितला, तेव्हा शिवलीलानं लाटणं उगारलं.

"माझ्या घरातलं सामान हलवून काय व्हतंय?" ती म्हणाली. "दुखणं पुढं हाय."

पाणी यायच्या दिवशी ती बोळात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "पाण्याला मोटर लावून वढणारी माणसं वायफायला सोडत्यात व्हय? लावली आसंल तितं बी बारकी मोटर."

बजाबाई हातात बादली घेऊन बाहेर आली. "कुणाला म्हणतीस गं?"

"ज्याला लागलं त्याला."

"ये, आत ये! सगळ्या वायरी मोजून जा! माझ्या घरातनं लाईन दिली त्याचं हे पांग फेडलं व्हय?"

"ऱ्हाऊ दे. त्या घरात मी बी पाय ठेवत न्हाय, माझी लेक बी ठेवणार न्हाय!"

दोन्ही दारं आपटली. मधल्या दारात राजाबाई पाण्याची घागर कडेवर घेऊन उभी होती. वायफायला मोटर लावता येत नाही हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. ते बोलायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

त्याच दुपारी पायल आली, पण मांडी घालून बसली नाही. दिवाणाच्या कडेला टेकली.

"काकू, मी पुण्याला चालले वाटतंय."

"फिरायला?"

"ऱ्हायला. साहेब म्हणाले, रोज मधेच लाईन तुटती, शेतकऱ्याचा फोन कट होतो. एक आठवडा बघू. नीट चाललं तर घरनं काम. न्हायतर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. पप्पा बी म्हणले, जा. होस्टेल हाय तितं."

राजाबाईनं ताटली पुढं केली आणि पोळी ताटलीत नाहीच हे तिला पायलच्या चेहऱ्यावरून कळलं.

"शनिवारी साहेब स्वतः फोनवर बसणार हाईत माझ्यासोबत," पायल म्हणाली. "त्यो नीट झाला म्हणजे झालं. तवर मी आमच्याच घरात टेबलावर बसते. येणं-जाणं नको, त्यात बी तुटतंय."

त्या दिवसापासून राजाबाईनं डबीची जी राखण केली, ती बघून प्रियदर्शनीलाही वाटलं असतं की आपल्याला कधी इतकं जपलं नव्हतं. शोकेसजवळ झाडू फिरेना. धनाजीनं त्या बोर्डात डासांचं मशीन लावायला हात नेला, तर तिनं त्याचा हात धरला. "डास चावू द्या. मरत न्हाय तुमी."

धनाजीनं तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं अंगावर चादर ओढली.

चहाच्या वेळी घर एवढं गप्प असायचं, की शेजारच्या यंत्रमागाचा खटखटाट मोजता यावा. मागच्या खिडकीतून पायलचा आवाज यायचा, एकसारखा, न तुटणारा. राजाबाई कान देऊन ऐकायची. कानडी चुकलं की जीभ चावायची.

शनिवारी सुट्टीमुळं धनाजी घरी होता. दुपारी लग्नाला जायचं म्हणून त्यानं सदऱ्याला इस्त्री करायला घेतली. इस्त्री जुनी, कधीची मरायला टेकलेली. फट् असा आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि मधल्या घरातली लाईट गेली. फक्त मधल्या घरातली. शोकेसवरचा पांढरा दिवा विझला.

मागून पायलची किंकाळी. "काकू! नेट! साहेब आत्ता येतील लाईनीवर!"

"फ्यूज," धनाजी म्हणाला आणि तार शोधायला निघाला. धनाजीचं शोधणं म्हणजे आधी चष्मा शोधण्यापासून सुरुवात.

राजाबाईनं डबी उचलली, पदराखाली घेतली आणि बोळातून पुढच्या घराच्या मागच्या खिडकीशी गेली. लांब वायर तेवढी त्याच घरात होती. आत बजाबाई लसूण सोलत बसली होती.

"अक्का, लाईटची लांब वायर टाका खिडकीतनं. लौकर. ही डबी लावायची हाय. पायलचा फोन हाय साहेबाचा."

"शिवलीलाच्या पायलचा?" बजाबाईनं लसणाची पाकळी बोटात धरली. "मी चोर हाय न्हवं? चोराची लाईट कशाला लागती त्यांना?"

"अक्का, पाया पडते."

"पड. आधी तिला म्हणावं, ये आणि मोटर दाव कुटं हाय ती."

मागं पायलचा रडवेला आवाज, बोळाच्या टोकाला शिवलीला पदर खोचून उभी, पण पाऊल पुढं टाकायला तयार नाही. राजाबाईनं खिडकीचा गज धरला.

"मोटर न्हाय अक्का. मी बंद करत होते."

"काय?"

"ही डबी. रोज. चहा झाला की बंद करायची. मग पायल यायची माझ्याकडं."

बजाबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "आणि म्हणून मी बोळात शिव्या खाल्ल्या? माझ्या युवराजनं कोठ्या वढल्या?"

"व्हय."

"पोर यावी म्हणून?"

राजाबाईनं मान हलवली. कुणापुढंही कधी अडली नव्हती ती, आता डबी पोटाशी धरून चोरी पकडलेल्या पोरासारखी उभी होती. बजाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग तिचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग मांडीवरचं लसणाचं सुपडं घसरलं.

"आगं बया बया! माणूस खाऊ दाखवून लेकरू बोलवतं, हिनं नेट तोडून बोलवलं! युवऱ्याऽऽ! वायर आण रं!"

वायर आली, गजांतून बाहेर पडली. राजाबाईनं डबी लावली आणि बोळातल्या कट्ट्यावर, दोन घरांच्या मधोमध ठेवली. दिवा आधी लाल झाला, मग लुकलुकला. राजाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. चूल पेटावी म्हणून फुंकर घालतात, तशी तिनं नकळत एक फुंकरसुद्धा घातली. दिवा पांढरा झाला.

मागच्या खिडकीतून आवाज आला, "हॅलो? नमस्कार सर. हो सर, येतंय ऐकू. स्पष्ट येतंय."

फोन संपेपर्यंत राजाबाई उन्हात डबीवर पदराची सावली धरून बसली. धनाजी फ्यूजची तार घेऊन आला तेव्हा सगळं झालेलं होतं. पायल घरूनच काम करणार, असं साहेबांनी सांगितलेलं होतं.

बजाबाईच्या पोटात भाकरी मुरायची, बातमी मुरत नसे. संध्याकाळच्या आत गोष्ट मागच्या घरात पोचली. आधी शिवलीला आली, कमरेवर हात ठेवून.

"तुमच्यापायी माझी कोठी हलली, कपाट हललं, ह्यांची कंबर हलली! आणि अक्काला मी काय काय बोलले!"

"बोल की मला बी," राजाबाई म्हणाली. "मोकळी हो."

शिवलीलाचे हात कमरेवरून खाली आले. मग म्हणाली, "मला बी कोण हाय बोलायला? माझ्या घरात बसून ती शेतकऱ्यांशीच बोलती." एवढं म्हणून ती तरातरा पुढच्या घरी गेली, बजाबाईची माफी मागायला. तिथनं बराच वेळ भांडणाचे आणि मधून मधून हसण्याचे आवाज येत राहिले.

मग पायल आली. दारात उभी राहिली.

"काकू, नुसती हाक मारायची की."

"मारली होती. हाक मारली की 'आमच्याकडंच येतंय' म्हणतीस. नेट गेलं की येतीस."

पायलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "उद्या सुट्टी हाय मला," ती म्हणाली. "उद्या येते. नेटबीट काय न्हाय. तुमच्यासाठी येते."

राजाबाईनं सकाळीच शेंगा भाजल्या, गूळ किसला, पोळ्या केल्या. आठवडाभराचं बोलणं मनात रांगेनं लावून ठेवलं: आधी म्हशीचं पुढचं, मग प्रियदर्शनीच्या नणंदेचं, मग धनाजीची इस्त्री. चहा झाला आणि पायल खरंच आली. लॅपटॉप नव्हता. दिवाणावर मांडी घालून बसली, पोळी घेतली आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढला.

"तर त्या म्हशीचं काय झालं," राजाबाई म्हणाली.

"हं, सांगा की."

"ती म्हैस व्याली."

"हं."

"तिला जुळं झालं."

"हं."

"त्यातलं एक इंग्रजी बोलतंय."

"हं काकू, भारीच की."

राजाबाई थांबली. पूर्वी मधेच नेट अडकायचं, मोबाईलवर गोल गोल फिरत राहायचं, तेवढ्यात तरी पोरगी मान वर करायची. आता डबी इतकी चोख चालत होती, की एका व्हिडिओतून दुसऱ्यात जाताना चिमूटभर फट राहत नव्हती. तिनं शोकेसकडं एक जळजळीत कटाक्ष टाकला. मग पायलच्या वाकलेल्या मानेकडं बघितलं, तिथं सुटलेल्या दोन केसांकडं, ओठाला चिकटलेल्या पोळीच्या कणाकडं.

"सरक," ती म्हणाली.

"आँ?"

"सरक म्हणते. मला बी दाव काय बघतीस एवढं."

पायल सरकली. मोबाईल दोघींच्या मध्ये आला. कुठल्याशा गावात एक बोकड पत्र्यावर चढून बसला होता आणि खाली माणसं शिडी लावत होती.

"ह्यो उतरणार न्हाय," राजाबाईनं लगेच सांगितलं. "आमच्या माहेरी असाच एक होता. त्याला खालनं मका दाखवायला पायजे. आणि ती शिडी कशी लावलीय बघ, पडंल आता त्यो तांबड्या सदऱ्याचा. आमचे काका—"

"काकू, ऐकू द्या की!"

"ऐक की. मी कुटं तुझा कान धरलाय?" राजाबाई म्हणाली, आणि काकांच्या बोकडाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.